मंत्र्यांना जेवायला बोलवायचंय, आमच्या घरी

गेल्या महिन्यात गावी गेले होते तेव्हा रात्री जेवताना मी बोलून गेले की मला त्या मंत्र्यांना एकदा आपल्या घरी जेवायला बोलवायचंय. कोणते मंत्री ते सांगावं लागलं नाही, आमच्या निफाड तालुक्यात नुसतं "ते मंत्री" म्हटलं की दिल्लीत ज्यांच्या खात्यातून कांद्याच्या निर्यातबंदीचा कागद निघतो तेच समजायचे. आईने विचारलं, सोबत किती माणसं येतील. भावाने हातातला मोबाईल खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. आणि नाना, म्हणजे आमचे वडील, ताटावरून उठले. अर्धी भाकरी तशीच ताटात. आमच्याकडे भरल्या ताटावरून उठणं ही साधी गोष्ट नाही, लहानपणी आम्ही रुसून उठलो की हेच नाना दरडावायचे, अन्नावर राग काढायचा नाही म्हणून.

मोरीपाशी हात धुता धुता ते एवढंच बोलले, "जेवू घातलं म्हणजे माफ केलं."

मी नाशिकला परत आले, ऑफिस सुरू झालं, पण ते वाक्य काही डोक्यातून जात नाही. कारण मला माफ करायचं नाहीये. कांद्याच्या धोरणावर मला त्यांचं एक अक्षर पटलेलं नाही, आजही पटत नाही, आणि तरीसुद्धा मला त्यांना जेवायला बोलवायचंय. ह्या दोन्ही गोष्टी माझ्या मनात एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्या तशा का आहेत ते नीट सांगावं म्हणून हे लिहितेय.

मंत्र्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही, घाबरून नाही, तर त्या खुर्चीतला माणूस बदलतो आणि कागद तोच निघतो म्हणून. डिसेंबर २०१० मध्ये निर्यात थांबवली तेव्हा दिल्लीत काँग्रेस आघाडीचं सरकार होतं. नंतर सरकार बदललं. सप्टेंबर २०१९ ला परत बंदी आली, ती मार्च २०२० मध्ये उठली, की सहा महिन्यांत सप्टेंबर २०२० ला पुन्हा. मग ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, लासलगावसकट जिल्ह्यातल्या बाजार समित्यांचे लिलाव बंद पडले, आणि डिसेंबर २०२३ ला तर थेट बंदीच, एका रात्रीत. दुसऱ्या दिवशी चांदवडला शेतकरी मुंबई-आग्रा हायवेवर उतरले. ती बंदी उठली मे २०२४ मध्ये, आमच्याकडचं लोकसभेचं मतदान तोंडावर आल्यावर, तीही ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलरची किमान किंमत लावून, आणि शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडलं.

ज्यांचा कांद्याशी संबंध फक्त भाजीबाजारात येतो त्यांना ह्या नुसत्या तारखा वाटतील म्हणून जरा चाळीबद्दल सांगते. उन्हाळ कांदा मार्चपासून मे पर्यंत निघतो. तो लगेच सगळा विकला तर भाव पडतो, म्हणून चाळीत भरायचा. चाळ म्हणजे दोन्ही बाजूंनी फटी सोडलेली लांबट खोली, खालून वरून हवा खेळायला पाहिजे. पावसाळ्यात नाना रोज सकाळी चहाच्या आधी चाळीपाशी जातात आणि फटीतून हात आत घालून बघतात, आतला कांदा गरम लागला की समजायचं आत सड सुरू झालीय. कधी कधी हात बाहेर काढून नुसता नाकाला लावतात आणि काही न बोलता घरात येतात, मग आईला कळतं आज निवडायला बसावं लागणार. काजळी धरलेला वेगळा, कोंब आलेला वेगळा, गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी. एप्रिलमध्ये भरलेला कांदा ऑक्टोबरला काढला की वजनात किती घट आली ते वजनकाट्यावरच कळतं. हे सगळं कशासाठी, तर दसरा-दिवाळीच्या आसपास जरा भाव निघेल म्हणून. आणि नेमका तो निघायला लागला की दिल्लीतून कागद येतो. दर पडले की ते शेतकऱ्याचं नशीब, दर चढले की ती देशाची महागाई, असं नाना म्हणतात आणि त्यात मला काही चूक दिसत नाही.

आता ही गोष्ट मंत्र्यांपर्यंत पोचवायचे रस्ते कोणते? निवेदन. ते कलेक्टर ऑफिसला द्यायचं, प्रतीवर पोच घ्यायची, फोटो काढायचा. नाहीतर रास्ता रोको. नाहीतर सभेत आवाज. मे २०२४ ला पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांची सभा चालू होती आणि एका पोराने उभं राहून कांद्यावर बोला म्हणून आवाज दिला, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितलाय. मला त्या पोराचं कौतुक आहे, एवढ्या गर्दीत आणि एवढ्या पोलिसांत उभं राहायला छाती लागते. पण सभेत माईक वरच्या माणसाकडे असतो. ह्या सगळ्या रस्त्यांमध्ये एक गोष्ट सारखी आहे, समोरच्याला बसून उत्तर द्यावं लागत नाही. जेवताना तसं नसतं. मांडी घालून ताटावर बसलेला माणूस अर्धा तास तरी जागचा हलत नाही, आणि समोर बसलेल्याने काही विचारलं तर घास गिळून काहीतरी बोलावंच लागतं, पीए मधे येऊन "पुढच्या कार्यक्रमाला उशीर होतोय" म्हणाला तरी ताट अर्धं टाकून उठणं सगळ्यांना दिसतं.

आता नानांच्या वाक्याकडे येते. जेवू घातलं म्हणजे माफ केलं, असं खरंच आहे का आपल्याकडे? मला उलट वाटतं. खाल्ल्या मिठाला जागावं असं आपण म्हणतो, तर जागायचं कोणी असतं? खाणाऱ्याने. वाढणारा मोकळा असतो, बांधला जातो तो खाणारा. म्हणूनच तर जुनी माणसं कोणाच्याही घरचं पाणी सुद्धा विचार करून घ्यायची. मग मंत्र्यांनी आमच्या घरचं मीठ खाल्लं तर बंधन कोणावर येतं, नानांवर का मंत्र्यांवर?

आणि हे मीठ सध्या उलट्या दिशेने वाहतंय, मला जास्त राग त्याचा आहे. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत कुठलीही निवडणूक घ्या, शेवटच्या आठ दिवसांत हायवेवरचे ढाबे बघा. कोणाच्या तरी खात्यावर टेबलं लागलेली असतात, मटण, रस्सा, ज्याला हवी त्याला बाटली. आपण जातो. आपल्या घरातली माणसं जातात. त्या रात्री आपण त्यांचं मीठ खातो आणि मग पाच वर्ष तोंड उघडायला जड जातं, सरपंच ऐकवून दाखवतो, "तेव्हा जेवायला आला होतास ना". म्हणजे नेत्यासोबत जेवायला आपण नको म्हणतो असं काही नाहीये, आपण जेवतोच, फक्त त्याच्या पैशाने, त्याच्या जागेवर, आणि तो स्वतः त्या टेबलावर नसतोच. मला हे फिरवायचंय. ताट आमचं, जागा आमची, आणि तो माणूस स्वतः समोर.

म्हणून मी त्यांच्या बंगल्यावर जाणार नाही. शेतकऱ्यांचं शिष्टमंडळ म्हणून बोलावलं आणि काजू कतली समोर ठेवली तरी नाही. कोण कोणाच्या दारात जातं ह्याला आपल्याकडे फार अर्थ आहे, आणि हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. कोल्हापूरला गंगाराम कांबळेंनी हॉटेल काढलं तेव्हा दलिताच्या हातचा चहा प्यायला कोण येणार असा प्रश्न होता. शाहू महाराजांनी त्यांना राजवाड्यावर बोलावून चहा पाजला असता तरी लोकांनी महाराजांना चांगलंच म्हटलं असतं. पण महाराजांनी तसं केलं नाही, ते त्यांच्या हॉटेलासमोर गाडी थांबवून तिथला चहा प्यायले आणि गाडीत बसलेल्या उच्चवर्णीय मंडळींनाही पाजला. राजवाड्यावर बोलावलं असतं तर उपकार झाला असता. दारात गेल्यामुळे त्या हॉटेलाला, त्या माणसाच्या हाताला मान मिळाला.

तरी कोणी म्हणेल जेवण ही खाजगी बाब आहे, त्यात राजकारण कशाला आणता. महाराष्ट्रात जेवणखाण खाजगी होतं कधी? १८९० साली पुण्यात पंचहौद ह्या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली, त्यात न्यायमूर्ती रानडे होते आणि टिळकही होते, समाजसुधारणेच्या प्रश्नावर एकमेकांच्या पार विरुद्ध टोकाची माणसं. नावं पेपरात छापून आली आणि ग्रामण्य झालं, म्हणजे जातीबाहेर टाकायचा वाद उभा राहिला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. एक कप चहा. तेव्हा कोणाच्या शेजारी बसून काय खाल्लं हे आपल्याकडे कायमच चारचौघांचं प्रकरण राहिलंय, ते मान्य करूनच पुढे जाऊ.

फोटोसाठीच्या जेवणांबद्दल पण बोलायला पाहिजे, कारण मी "मंत्र्यांना जेवायला" म्हटलं की ऑफिसमध्ये सगळ्यांच्या डोळ्यासमोर तेच आलं. पेठ तालुक्यातली माझी एक कलीग आहे, तिच्या पाड्यावर असंच एका पक्षाचे मोठे नेते जेवून गेले होते. ती सांगत होती, दोन दिवस आधी माणसं येऊन घर बघून गेली, पंखा लावला, स्टीलची नवी ताटं आणली. नागलीची भाकरी कॅमेऱ्यात काळी दिसेल म्हणून पुऱ्या मागवल्या. नेते बसले, चार घास खाल्ले, बाटलीचं पाणी प्यायले आणि वीस मिनिटांत गेले. पुऱ्यांसोबतची भाजी सुद्धा बाहेरून आली होती, त्या घरातल्या बाईने त्या दिवशी चूलच पेटवली नाही. नंतर पेपरात फोटो आला त्यात ताटाच्या कडेला दुकानाचं स्टिकर तसंच चिकटलेलं दिसत होतं. घरातल्या माणसांना एक प्रश्न विचारता आला नाही आणि त्यांनीही कोणी काही विचारलं नाही. हे जेवण नाही. त्या घराचं मीठ त्या नेत्याने खाल्लंच नाही मुळी, तर तो बांधला कसा जाणार?

माझ्या मनातल्या जेवणात कॅमेरा नाही. गावातल्या कोणाचाही मोबाईल नाही, आमच्या भावाचा पण नाही, आणि मला माहितीये हे सगळ्यात अवघड आहे कारण मंत्री घरी आले आणि स्टेटसला फोटो नाही हे आजकाल कोणाला सहन होत नाही. पण फोटो आला की दोघंही नाटकात उभे राहतात, ते पण आणि आपण पण. नाना कॅमेऱ्यासमोर एकतर हात जोडतील नाहीतर ओरडतील. दोन्ही मला नको.

अजून एक गोष्ट आहे जी मला रोज टोचते. नेते एकमेकांसोबत जेवतात हो. लग्नात जेवतात, वाढदिवसाला जेवतात, अधिवेशनात शेजारी शेजारी बसून जेवतात. २०१९ च्या इलेक्शनला आमचे नाना आणि आप्पाकाका दोन वेगवेगळ्या पक्षांसाठी भांडले, बोलणं इतकं वाढलं की आईला मधे पडावं लागलं. जून २०२२ ला शिवसेना फुटली, जुलै २०२३ ला राष्ट्रवादी फुटली, आणि ज्या दोन पक्षांसाठी हे दोघं सख्खे भाऊ भांडले त्या दोन्हीकडची माणसं एका मंत्रिमंडळात जाऊन बसली. आमच्या दोन घरांची विहीर एक आहे, बांध एक आहे, मोटारीचं बिल अर्धं अर्धं भरतात, पण चुलत बहिणीच्या हळदीला नाना पहिल्या पंगतीला बसले आणि आप्पा मुद्दाम दुसऱ्या पंगतीला. नाशिकमध्ये पण तेच, आमचा कॉलेजचा ग्रुप रविवारी गंगापूर रोडला मिसळ खायला भेटायचा, आठ जण होतो, आता तिघं उरलो, बाकीचे फॉरवर्डच्या भांडणात एकेक करून ग्रुप सोडून गेले. मतभेद असून एकत्र जेवायची मुभा काय फक्त वरच्या लोकांना आहे? आपण त्यांच्यासाठी नाती तोडायची आणि त्यांनी तिकडे एकमेकांना श्रीखंड वाढायचं, हे मला मान्य नाही.

आणि असं नाही की आपल्याला विरोधकाशी माणसासारखं वागता येत नाही. ह्याच नाशिकने १९५७ ला काँग्रेसच्या विरोधातल्या, बाबासाहेबांचे सहकारी असलेल्या दादासाहेब गायकवाडांना लोकसभेत पाठवलं, आणि चीनच्या युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले तेव्हा १९६३ च्या पोटनिवडणुकीत ह्याच नाशिकमधून ते बिनविरोध निवडून आले, विरोधी पक्षांनी उमेदवार दिला नाही. मार्च २०१८ चा किसान सभेचा लाँग मार्च तर आपण डोळ्यांनी बघितलाय. ६ मार्चला सीबीएस चौकातून निघालेली सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवणची माणसं घरून आणलेला तांदूळ रस्त्याच्या कडेला शिजवत मुंबईपर्यंत चालत गेली, आणि सकाळी दहावीच्या मुलांना परीक्षेला जायला अडचण नको म्हणून शेवटचा टप्पा रात्रीतून चालून आझाद मैदानावर पोचली. तिथे मुंबईकरांनी त्यांना खाऊ घातलं, पाणी दिलं, पायात चपला दिल्या. त्यातल्या कितीतरी मुंबईकरांनी लाल बावट्याला आयुष्यात मत दिलं नसेल आणि देणारही नाहीत. तो वडापाव हातात देताना कोणी पक्ष विचारला नाही, आणि तो खाल्ला म्हणून मोर्च्यातल्या माणसांनी एकही मागणी कमी केली नाही, १२ तारखेला सरकारकडून लेखी घेऊनच परत आले.

एवढं सगळं मी माझ्या येवल्याच्या मैत्रिणीला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती ऐकून घेते आधी, मधे बोलत नाही. मग ती म्हणाली, "तुझ्यासाठी पंगत ही छान गोष्ट आहे गं. आमच्यासाठी ती लढाई होती."

तिचं बरोबर आहे. २ मार्च १९३० ला पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे नेटाने चालवला, जवळजवळ पाच वर्ष, आणि दार काही उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला तिच्याच येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. त्या काळात सहभोजनं होत होती, सुधारक मंडळी भरवत होती, मनापासून भरवत होती. आणि बाबासाहेबांनी १९३६ साली स्पष्ट लिहिलं की सहभोजनाने जात मेलेली नाही. एकत्र जेवून उठलेला माणूस घरी जाऊन तोच राहू शकतो, हे त्यांनी बघितलेलं होतं. म्हणून एका जेवणाने मंत्र्यांचं मन पालटेल असली आशा मी ठेवत नाही. मला त्यांचं मन नकोच आहे. मला फक्त एवढं हवंय की पुढचा कागद सही करताना त्यांच्यासमोर नुसता भावाचा तक्ता नसेल, चाळीच्या फटीत हात घालून उभा असलेला एक माणूस पण असेल, आणि त्या माणसाच्या घरी आपण जेवलोय हे त्यांना आठवेल. तरीही सही केली तर केली. मग मी अजून जोरात विरोध करेन, आणि तेव्हा आमचं मीठ खाऊन सुद्धा केली असं चारचौघांत म्हणायचा हक्क मला राहील.

पण मैत्रीण एवढ्यावर थांबली नाही. तिने विचारलं, "तुमच्या पंगतीत बसणार कोण कोण?" मी म्हटलं आम्ही सगळे घरचे. तर ती म्हणाली, "आणि कांदा काढायला येणाऱ्या बायका?"

मी गप्प झाले. कांदा लागवडीला आणि काढणीला आमच्याकडे सुरगाणा-पेठकडच्या बायका येतात, पिकअपमध्ये दाटीवाटीने बसून. काढणी उक्ती दिलेली असते, जितकं जास्त उरकेल तितके पैसे, म्हणून दिवस उगवायच्या आत वाफ्यात असतात. दुपारी त्या बांधावरच्या बाभळीखाली बसून आपापल्या फडक्यातली भाकरी खातात आणि आम्ही पडवीत. कोणी त्यांना येऊ नका म्हटलेलं नाही, पण कोणी या असंही म्हटलेलं नाही, माझ्या आजीच्या वेळेला तर मजुरांचा चहाचा कप वेगळा फळीवर असायचा आणि तो मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. मंत्र्यांनी आमच्या घरात येऊन आमचं ऐकावं असं मी म्हणते, मग आमच्या वाफ्यात वाकून काम करणाऱ्या बाईने आमच्या पंगतीत बसून आमच्याबद्दल काय बोलायचं ते बोलावं, ह्याची तयारी मला ठेवावी लागेल. ती कदाचित मंत्र्यांसमोर म्हणेल की कांद्याला भाव आला तरी आमची मजुरी तेवढीच राहते. म्हणू दे. ते खरं असेल तर नानांनी पण ऐकावं.

मंत्र्यांच्या बाजूचं पण मला ऐकायचंय, खोटं कशाला बोलू. १९९८ ला कांद्याच्या भावाने दिल्ली राज्यातलं सरकार घालवलं, ती भीती प्रत्येक पक्षाच्या माणसाच्या पोटात बसलीय. मी स्वतः इंदिरानगरला राहते, आमच्या बिल्डिंगमध्ये धुणीभांडी करणाऱ्या मावशींना कांदा महाग झाला की भाजीत तो घालताच येत नाही, त्या दिवसांत मिसळवाला सुद्धा कांद्याऐवजी बारीक चिरलेला कोबी देतो, मी खाल्लाय. माझ्या घरी गावाहून गोणी येते म्हणून मला ते झळत नाही. तेव्हा मंत्री विचारतील, तुमच्या नानांना भाव द्यायचा तर त्या मावशींनी काय करायचं, आणि तो प्रश्न खरा आहे. माझं म्हणणं एवढंच की मावशींना स्वस्त कांदा द्यायचा असेल तर सरकारने तिजोरीतून द्यावा, रेशनवर द्यावा, नानांच्या चाळीतून कशाला? ऑगस्ट २०२३ ला क्विंटलला २४१० रुपयांनी दोन लाख टन खरेदी करायचं सरकारने जाहीर केलं होतं, म्हणजे खरेदी करून बाजारात सोडायचा रस्ता त्यांना माहितीये. मग तोच रस्ता वेळेवर, आधी सांगून, दरवर्षी का नाही? बंदीची अधिसूचना एका रात्रीत येते, लागवडीच्या आधी का येत नाही, म्हणजे माणूस ठरवेल तरी कांदा लावायचा का मका. हे मला टीव्हीवर विचारायचं नाहीये, तिथे दोघंही आपापल्या लोकांना ऐकवायला बोलतात. ताटावर विचारायचंय, आणि उत्तर संपेपर्यंत मधे बोलायचं नाही असं मी मनाशी ठरवलंय.

मागच्या रविवारी मी परत गावी गेले. नानांना हे मीठाचं सांगितलं, बाभळीखालच्या बायकांचं पण सांगितलं. ते बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "आणि वाढणार कोण एवढ्यांना? तुझी आई दमलीये आता." मी सांगितलं आई पंगतीत बसणार, मी पण बसणार, आमच्याकडे बाया शेवटी जेवतात ते त्या दिवशी चालणार नाही. मग कोण राहिलं. भाऊ, आणि नाना. ते हो म्हणाले नाहीत, पण ताटावरून उठलेही नाहीत.

पत्र आज टाकलंय, मराठीतच लिहिलंय. त्यात लिहिलंय की एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात या, तेव्हा काढणी चालू असते. बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा असेल, पाणी आमच्या विहिरीचं. सोबत दोनच माणसं आणा, कॅमेरा आणू नका. जेवण साडेबाराला असतं, उशीर करू नका, कारण बायकांचं काम उक्तं असतं आणि त्या कोणासाठी थांबत नाहीत.